आडवी वाटणी

ता. ३ मार्च

लांब्यास ताईचा आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहेत, तिकडे तुम्ही ठीक असाल. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. इकडे काहीही ठीक नाही, आणि तू तिकडे ठीक असलास तर मला त्याचाच राग आहे.

पत्र मीच लिहितेय. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही सांगा, मी फोनवर लिहून पाठवते." म्हटलं, नको बाई. मला जे शब्द घालायचेत ते तुझ्या हातून जायला नकोत, तुझं अजून सगळं व्हायचंय. तेव्हा लांब्या, अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस आणि पुन्हा वाच. तिसरीतून उठवलेल्या बाईचं अक्षर ह्याहून बरं येत नाही. का उठवलं त्यावर मागून येते.

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी फेरीबोटवाल्याचा दोर लावला होता. अडीचशे फुटी, तीन पेडी. विसरला असशील म्हणून सांगते, अडीचशे फुटी दोराला पेड चारशे फूट ताणावे लागतात, बाकीची लांबी पीळ खातो. म्हणजे आपली दोर वळायची पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी लागते, हातभर कमी चालत नाही. मी चाकापाशी, मोटर चालू. पलीकडच्या टोकाला दगड भरलेली गाडी पिळाच्या ओढीने इंच इंच पुढे येतेय, आणि मधे हे भोवरा धरून चालताहेत. भोवरा तरी आठवतो का? तीन खाचांचा, लाकडाचा, ज्याच्यातून तीन पेड एकमेकांवर बसतात. तू तो खेळायला पळवायचास आणि बाबांचा मार खायचास.

तेवढ्यात मागच्या फाटकातून दोन माणसं आली. एकाच्या हातात चुन्याची बादली. पट्टीच्या बरोबर मध्यावर, माझ्या ताणलेल्या दोराखालून, त्यांनी आडवी पांढरी रेघ मारली. वर एकजण दोरावरून टांग टाकायला निघाला. ताणलेला दोर तुटला तर मांडी कापून जातो! मी मोटर बंद केली, धावत तिथे गेले आणि तोंड चालू केलं.

"मावशी," तो म्हणतो, "रेघेच्या पलीकडे आता शेठची जागा. दोर तेवढा उचलून घ्या."

"कुठल्या शेठची?"

"फरशीवाल्या."

"आणि त्याला कोणी दिली? सासऱ्याने?"

"तुमच्या भावाने."

पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात, मला वाटायचं बोलायची रीत आहे. माझ्या पायाखालची दोनशे फूट सरकली, मोजून, चुना मारून.

संध्याकाळी फरशीवाला स्वतः आला. त्याच्या गोदामाची मागची भिंत तुझ्या अर्ध्या पट्टीला लागून आहे, त्याला ट्रक वळवायला जागा हवी होती, ते मला दहा वर्षं माहीत आहे. खरेदीखताची झेरॉक्स दाखवली. "ताई, आपलं काम सगळं कायदेशीर असतं," म्हणाला. मी म्हटलं, ताई म्हणू नका, ताई म्हणणाऱ्यांचा मला आजच अनुभव आला. तुझी सही ओळखली मी. शेवटच्या अक्षराला शेपूट काढतोस, तशीच होती. हात थरथरला असेल असं वाटून बघितलं. कुठे थरथरलेला नव्हता.

मग मी पत्र्याच्या पेटीतून बाबांचा वाटणीचा कागद काढला आणि वकीलबाईंकडे गेले. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली आहे, जिना इतका अरुंद की उतरणारा असेल तर चढणाऱ्याने खाली थांबायचं. बाई तरुण आहेत, बारा महिने सर्दी. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो तुझ्यासाठी इथे उतरवते, म्हणजे तुला विसरलो म्हणायला जागा नको: "दोघांपैकी कोणास आपला हिस्सा विकणे झाल्यास त्याने प्रथम दुसऱ्यास विचारावे. बाहेरचा देईल त्या भावात घेण्याचा पहिला हक्क दुसऱ्याचा राहील. दुसऱ्याने नकार दिला तरच बाहेर विकावे."

कायद्यात ह्या हक्काला अग्रक्रय का काय म्हणतात, माझी जीभ वळत नाही. मी पहिला हक्क म्हणते. तो माझा होता. फरशीवाल्याने काय भाव दिला ते मला कळलंय, तेवढे मी उभे केले असते. कसे, ते माझं मी.

तू मला विचारलंस? एक शब्द?

जानेवारीत आला होतास, नाही म्हणत नाही. मागच्या फाटकातून आलास, गाडीपाशी पाच मिनिटं उभा राहिलास आणि आलास तसा गेलास. चहा नाही, पाणी नाही, शब्द नाही. एक शब्द नाही, लांब्या. हे मी शपथेवर लिहून दिलंय आणि कोर्टाने फरशीवाल्याला सध्या हात लावायला मनाई केलीय. रेघ मात्र तशीच आहे. मी रोज तिच्यावरून चालते, मुद्दाम पाय घासून.

बाबांवरही रागावलेय मी. पट्टी उभी वाटली असती तर दोघांकडे अरुंद का होईना पूर्ण लांब पट्टी आली असती. त्यांनी आडवी वाटली. चाकाचं टोक मला, गाडीचं टोक तुला. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाबा, अर्ध्या पट्टीवर कोणाचाच दोर होत नाही. तर म्हणाले, "म्हणूनच." एवढंच. म्हातारा हसला आणि विडी पेटवली. त्यांना वाटलं आपण फार हुशारी केली. त्यांना काय माहीत, पोरगा मोजणी खात्यात लागेल, दुनियेच्या जमिनी फुटाने मोजेल आणि स्वतःच्या बहिणीला चुन्याने मोजेल.

आता शाळेचं. तू तेव्हा चार वर्षांचा होतास, त्या टोकाला उभं करायला लहान. बाबांना तिकडे माणूस हवं होतं म्हणून मला तिसरीतून काढलं. तू मोठा झालास तेव्हा ते टोक तुला मिळालं, पण शाळा सुटल्यावर. तुझी शाळा कधी चुकली नाही. मी हे आजपर्यंत कधी बोलले नाही, असं आई म्हणायची. खोटं आहे, मी दर वर्षी तुझ्या निकालाला बोलायचे. आज लिहून देते.

कोर्टाच्या तारखेला ये. ह्यांनी तुझी आठवण काढली आहे. मी काढलेली नाही, मी नुसती शिव्या देतेय.

ताई


ता. १९ जून

लांब्या,

तुझं पत्र मिळालं. साडेतीन महिन्यांनी चार ओळी. मोजणी खात्यात शाईचा तुटवडा आहे का?

"ताई, नमस्कार. मी विचारलं होतं आणि तू उत्तर दिलं होतंस. ते तुला, मला आणि भावोजींना माहीत आहे. कोर्टात तू जे सांगशील ते मी खोडणार नाही. खांद्याची काळजी घे."

खांद्याची काळजी घे! वाचून मी पत्र चुरगाळलं, मग पुन्हा सरळ करून वाचलं, मग जास्त जोरात चुरगाळलं. खोडणार नाही म्हणे. तू कोण मोठा लागून गेलास न खोडणारा? मी मागितली होती का तुझी दया? चोर तो चोर आणि वर समजूतदार. तू कोर्टात येऊन माझ्याशी कचाकचा भांडला असतास तर मला बरं वाटलं असतं. भांडणाला दोन टोकं लागतात. तू आपलं टोक जमिनीवर ठेवून देतोस आणि मी एकटी ओढत बसते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी शहाणी कधी होते? चढले, आता गुडघे दुखताहेत.

काल वकीलबाईंनी साक्षीची तयारी करून घ्यायला बोलावलं. त्या खुर्चीत, मी स्टुलावर, मधे फायलींचा ढीग. म्हणाल्या, मी विचारते तसं कोर्टात विचारतील, थोडक्यात उत्तर द्यायचं.

"तुमच्या भावाने हिस्सा विकण्याआधी तुम्हाला विचारलं होतं का?"

"एका शब्दाने नाही."

"नुसतं 'नाही' म्हणा. पुन्हा. विचारलं होतं का?"

"तोंडातून चकार शब्द काढला नाही त्याने."

बाईंनी रुमाल खाली ठेवला. "काकू, मी विचारतेय की विचारलं का. तुम्ही सांगताय की बोलला नाही. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?"

"तुम्ही सर्दीचं काहीतरी औषध घ्या बघू," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "फरशीवाल्याचा वकील जुना माणूस आहे. ह्याच गावातला. मला जे सुचलं ते त्याला सुचणारच. सांगण्यासारखं काही असेल तर मला आज सांगा."

"काही नाही," म्हटलं आणि जिना उतरले. खालून एकजण चढत होता, त्याला मी मागे ढकलत खाली नेलं.

घरी आले तर हे शेडमध्ये चाकाच्या आकड्यांना तेल देत बसलेले. तुझे भावोजी कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षांत माणूस माझ्यापुढे एक वाक्य पूर्ण बोललेला नाही, मी बोलू दिलं नाही म्हण. काल मान वर न करता विचारतात, "मला साक्षीला बोलावतील का गं?"

"बोलावलं तर काय सांगाल?"

"तू सांगशील ते."

"तुम्हाला काय दिसलं ते सांगा की."

"मला दिसलं ते तुलाही माहीत आहे," म्हणाले आणि दुसऱ्या आकड्याला तेल द्यायला लागले. एवढंच. त्यानंतर जेवताना मी चार वेळा भांडण काढलं, त्यांनी चारही वेळा पाणी प्यायलं.

म्हणून तुला लिहितेय. ज्याला सांगून काही उपयोग नाही त्यालाच सांगावं, म्हणजे ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं.

चारशे फुटांवरून, मोटरच्या आवाजात, कोणी कोणाशी तोंडाने बोलत नाही. आपण कधीच बोललो नाही. एक हात सरळ वर, थांब. हात गोल, फिरव. दोन्ही तळवे खाली दाबले, ढील दे. आणि डाव्या हातावर उजव्या हाताने आडवा वार, तोड. एवढं बाबांनी शिकवलं. पुढचं सगळं आपण दोघांनी काढलं. आई चिडलीय. पाहुणे आलेत, मागून पळ. तुला मार्क किती? सगळं हाताने. तुला लांब्या नाव त्या हातांमुळेच पडलं, तिकडच्या टोकाला तू दोन्ही हात पसरलेस की गाडीपेक्षा रुंद दिसायचास. आणि बाबांचा एकच दम असायचा, तो मला लेखी नको आणि वकिलाने वाचून दाखवायलाही नको: पट्टीवर हात खोटा उचलायचा नाही. तोंडाने वाटेल ते थापा मार, पण पट्टीवर हाताने खोटं सांगितलं तर दोर माणूस मारतो.

जानेवारीत तू गाडीपाशी येऊन उभा राहिलास तेव्हा दोर ताणावर होता. मी तुला लगेच ओळखलं. पोट सुटलंय तुझं. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि तू तिच्यानंतर पहिल्यांदा येत होतास, तोही मागच्या फाटकाने.

तू वाकून जमिनीला हात लावलास. मग तुझी सगळी बाजू दाखवलीस, मध्यापर्यंत. मग फरशीवाल्याच्या भिंतीकडे बोट केलंस, आणि मग माझ्याकडे, आणि तळवा उघडा धरून थांबलास. मला नीट कळलं. तो घेतोय, तू घेतेस का? ह्यात न कळण्यासारखं काय होतं? असं तू मला लहानपणी रोज विचारायचास, पेरू हातात धरून.

मी उत्तर दिलं. तोड. असा जोरात वार केला की हातावर वळ उठला. आणि मी पाठ फिरवली.

ताण असताना चाकावरच्या माणसाने त्या टोकाकडे पाठ करायची नसते, हे चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. हे मधे भोवरा धरून उभे होते, त्यांनी दोन्हीकडे बघितलं. मी पुन्हा वळले तेव्हा फाटक हलत होतं.

मला जमीन नको होती म्हणून नाही केलं मी ते. मला जमीन हवीच होती. पण तू तिकडून विचारलंस. चारशे फूट चालवले नाहीत तुला? आईच्या वेळेला तिसऱ्या दिवशी आलास, संध्याकाळच्या गाडीने गेलास, आणि मग सव्वा वर्षाने येतोस ते व्यवहार विचारायला, दुसऱ्या टोकावरून, कामगारासारखा! मला वाटलं, तोड म्हटलं की हा तरातरा चालत येईल, ताई तू वेडी आहेस का म्हणेल, मग मी काय काय सुनावणार होते ते सगळं माझ्याकडे तयार होतं. वर्षभराचं साठवलेलं. तू आलाच नाहीस. ते सगळं माझ्याकडे पडून राहिलं आणि नासलं.

हे वाचून तू आनंदाने हुरळून जाऊ नकोस. तुला लिहिलं म्हणजे कोर्टात सांगेन असं नाही. नाहीच सांगणार. पट्टी गेली तर मी काय, गुरं बांधायच्या दाव्यांची दोरकं वळत बसू? चाळीस वर्षं ह्या हातांनी काम केलंय, त्यांचा काही हक्क आहे की नाही? तू खोडणार नाहीस, हे बोलणार नाहीत, मग नडतंय कोणाचं? मी 'नाही' म्हणणार. शब्दाने वगैरे काही जोडणार नाही, नुसतं नाही.

पत्र फाडून टाक.

तुझ्यावर चिडलेली आणि चिडायचा हक्क असलेली,
ताई


ता. २७ सप्टेंबर

लांब्या,

आशीर्वाद वगैरे आहेच.

पंधरा दिवसांमागे कोर्टात तू होतास, तरी लिहिते. तू दारापाशी होतास, माझ्या जागी नव्हतास.

त्या कठड्याला कोणीतरी खिळ्याने नाव कोरलंय, मी ते चाचपत उभी होते. वकीलबाईंनी विचारलं, विचारलं होतं का? मी म्हटलं, नाही. नुसतं नाही, शिकवल्यासारखं. बाईंनी डोळे मिटून उघडले, त्यांना बरं वाटलं असावं. मला काही वाटलं नाही.

मग तो फरशीवाल्याचा म्हातारा वकील उठला. आधी माझी दोराची चौकशी केली, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ती म्हण टाकली. जन्मल्यापासून प्रत्येक गिऱ्हाईक ती टाकतं, मी हसले नाही. मग म्हणतो, "बाई, तुमच्या पट्टीवर तुम्ही हातांनी बोलता असं सगळी गल्ली सांगते. मी लहान असताना तुमच्या वडिलांना बघितलंय. जरा कोर्टाला दाखवा बरं, थांब कसं म्हणतात?"

मी हात वर केला.

तू तेव्हाच उशिरा आत शिरत होतास. बस चुकली असेल नेहमीसारखी. एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि माझा हात वर गेल्याबरोबर तू जागच्या जागी थांबलास. खांबासारखा. शिपाई म्हणतोय आत या, आत या, आणि तू हलत नाहीस. सगळं कोर्ट हसलं. जजसाहेबसुद्धा. मला हसू आलं नाही. बत्तीस वर्षांपूर्वी तू पट्टी सोडलीस, आणि अजून माझ्या हाताने थांबतोस.

म्हातारा हसला नाही, त्याला हवं ते मिळालं होतं. म्हणाला, "छान. आणि तोड कसं म्हणतात?"

मी काहीही दाखवू शकले असते. नाक खाजवून दाखवलं असतं तरी त्याला काय कळणार होतं? त्या खोलीत ती खूण जाणणारी माणसं दोन. एक हे, बाकावर खाली मान घालून बसलेले, आणि एक तू, दारात, एक पाय अजून बाहेर. पण खोटी खूण मला तुझ्या तोंडावर करावी लागली असती. तू बघत असताना. तोंडाने नाही म्हणताना मला काही झालं नव्हतं, खरं सांगते, मी आणखी दहा वेळा म्हटलं असतं. हात उचलायची वेळ आली आणि हात उचलेना.

मग उचलला. खरा. डाव्या हातावर वार, जानेवारीत केला तसाच. आणि म्हटलं, "हेच केलं मी. त्याने विचारलं तेव्हा हेच उत्तर दिलं."

वकीलबाईंचा रुमाल पडला. साहेब म्हणाले, "मग शपथपत्रात विचारलं नाही असं लिहिलंय ते?"

"ते खोटं आहे."

"कोणी लिहायला सांगितलं?"

"कोण सांगणार मला? बाईंनी मी सांगितलं तसं लिहिलं. खोटं माझं मी बोलले."

साहेबांनी जे झापलं ते तू ऐकलंस. वयाचा विचार करून समज देऊन सोडतो म्हणाले. बावन्न हे काय वय झालं? दावा काढून घेतला. अर्ध्या तासात पट्टी गेली.

बाहेर व्हरांड्यात तू विचारलंस, "का सांगितलंस?" मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही. ते पुन्हा लिहून देते. तुझ्यासाठी नाही.

आणि मग तू जे बोललास ते बोलला नसतास तर बरं झालं असतं. म्हणे घराला पैसे हवे होते हे आहेच, पण "ताई, मला वाटलं अर्धी गेली की तू सुटशील. तुझा खांदा गेलाय. मी समोर आलो असतो तर तू घेतेच म्हणाली असतीस." अरे वा! म्हणजे तू लांबून विचारलंस ते मी नाही म्हणावं म्हणून? मला सोडवायचा ठेका तुला कोणी दिला? आठव्या वर्षी मला अडकवताना कोणी विचारलं नाही, बावन्नाव्या वर्षी सोडवताना कोणी विचारत नाही. मधल्या काळात मी काय खुंटी होते? मी ओरडले तेव्हा शिपाई आला, बाहेर जाऊन भांडा म्हणाला. मी म्हटलं बाहेरच आहोत.

"चालत येऊन तोंडाने सांगितलं असतंस तर?" मी विचारलं.

"येणार होतो. दोन पावलं टाकलीही होती. तू पाठ फिरवलीस."

तेवढ्यावर मी पिशवी उचलून चालू लागले. पटलं म्हणून नाही. बसपर्यंत हे तुला सोडायला आले, मी आले नाही, ते तू बघितलंसच.

आता इकडचं. फरशीवाल्याने दुसऱ्याच दिवशी मध्यावर भिंत घातली. विटा, सिमेंट, पुरुषभर उंच. गाडी मी अलीकडे ओढून घेतली, भिंतीला टेकवून उभी आहे. दोनशे फुटांवर दोर लावून बघितला. सव्वाशे फुटी झाला. फेरीबोटवाला चांगला माणूस, त्याने दोन्ही टोकं हातात घेऊन बघितली, पुन्हा बघितली, आणि म्हणाला, "दोन जोडून देता येतील का?" जोडलेल्या दोरावर माणसं नदी पार करत नसतात, हे त्यालाही माहीत आहे. चहा पिऊन गेला.

काल फरशीवाला पुन्हा आला. त्याला आता पुढच्या रस्त्यापर्यंत जागा हवी आहे, ट्रक ह्या बाजूने आत आणि त्या बाजूने बाहेर. माझा हिस्सा मागतो. भाव तोच, जो तुला दिला. मी त्याला म्हटलं, मला एकदम नाही देता येत. आधी एकाला विचारायचंय. तो म्हणाला कोणाला? मी म्हटलं कागद वाचा.

वकीलबाईंना विचारून घेतलं. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण सांगितलं. ज्याने आपला हिस्सा विकला त्याचा पहिला हक्क बुडाला असं बाबांच्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा मी, तुझी मोठी बहीण, चाकाच्या बाजूची दोनशे फूट जागा विकायला काढली आहे. बाहेरचा देतो त्या भावात घेण्याचा पहिला हक्क तुझा आहे. घेतोस का? हे मी विचारलं आहे, स्पष्ट अक्षरात, तारीख घालून, आणि ह्यांची साक्षीदार म्हणून खाली सही घेतली आहे. ह्यांनी सही करायला पाऊण तास लावला.

तीस दिवस थांबेन. घेऊन तू काय करशील ते मला माहीत नाही, तुलाही नसेल. मी सुटावं म्हणून तू नाही म्हणणार असशील तर तसं माझ्या तोंडावर म्हण, मी तिथल्या तिथे उत्तर देईन. पोस्टाने उत्तर घेणार नाही. चार ओळींचं तर नाहीच. ये, आणि पुढच्या दाराने ये.

राग गेला असेल असं समजून येऊ नकोस. आहे, सगळा आहे. तरी ये.

तुला आधी विचारणारी,
ताई